नाशिकच्या मूकपटाला वाचा फुटते

शंभर वर्षांपूर्वीचा एखादा मूकपट तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. त्यातील माणसे कशी चालतात ते आठवा बरे! सगळी तुरुतुरु चालतात. राजा सिंहासनावरून उठतो तो टुणकन उडी मारल्यासारखा. राणी डोळे पुसते ती माशी हाकलल्यासारखी. प्रसंग दुःखाचा असला तरी आपल्याला हसू येते. त्या काळचे नट असा विचित्र अभिनय करीत होते की काय?

मुळीच नाही. ज्यांनी हे चित्रपट त्या वेळी पाहिले त्यांना ती माणसे तुमच्याआमच्यासारखीच चालताना दिसली. सारा घोटाळा 16 आणि 24 या दोन आकड्यांचा आहे, आणि आमच्या नाशिकचा एक चित्रपट याच दोन आकड्यांच्या कात्रीत सापडला होता. त्याचे नाव ‘सेतुबंधन’. तो दादासाहेब फाळके यांनी तयार केला. जन्माला आला तो मुका, आणि लोकांपुढे गेला तो बोलका होऊन. मुक्याला वाचा कशी फुटली हे समजून घेताना आपल्याला प्रकाश, ध्वनी, वीज आणि थोडेसे संगीतही लागणार आहे.

प्रथम तो आकडा 16 कोठून आला ते पाहू. चित्रपटाची फिल्म 35 मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर एकाखाली एक अशी लहान लहान छायाचित्रे असतात. त्यांना आपण चौकटी म्हणू. एका चौकटीला सुमारे 19 मिलिमीटर लांबी लागते, म्हणजे एका फुटात 16 चौकटी बसतात. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याला मोटर नव्हती, दांडा होता. दांड्याचा एक फेरा झाला की 8 चौकटी पुढे सरकत. कॅमेरावाला सेकंदाला दोन फेरे या बेताने दांडा फिरवी. दोन फेरे म्हणजे 16 चौकटी, म्हणजे बरोबर एक फूट फिल्म. एका सेकंदाला एक फूट! गणित किती सोपे झाले पाहा. दादासाहेबांचा 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे 3700 फूट लांबीचा होता. त्याला 3700 सेकंद, म्हणजे साधारण 62 मिनिटे लागणार. तीच फिल्म सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने सोडली तर 41 मिनिटांतच संपते. हरिश्चंद्राची सत्त्वपरीक्षा 21 मिनिटे आधीच आटोपते, आणि म्हणून त्यातील सगळी माणसे घाईत दिसतात. (मोबाइलवर असा जुना मूकपट पाहत असाल आणि माणसे धावपळ करताना दिसली, तर गती कमी करण्याची सोय वापरून ती 0.75 करा. खरे तर 0.67 हवी, पण एवढ्यानेही फरक कळेल.)

16 हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हता. कॅमेरावाल्याचा हात भरून आला की वेग कमी होई. लढाईचा प्रसंग असला की तो मुद्दाम दांडा सावकाश फिरवी, म्हणजे पडद्यावर घोडे अधिक जोरात धावत. चित्रपटगृहातला यंत्रचालकही आपल्या मर्जीने वेग कमीजास्त करी. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत वेग एकंदरीत वाढत गेला. पण तो एकसारखा असा नव्हताच. आणि कोणाची तक्रारही नव्हती. दहा टक्के फरक पडला तरी डोळ्याला तो सहसा कळत नाही.

दादासाहेबांनी तर या सैलपणाचा फार सुंदर उपयोग केला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा मांडला आणि दिवस दिवस थांबून त्या रोपाची एकेक चौकट टिपली. पडद्यावर पाहणाऱ्याला दिसले ते असे, की दाण्यातून अंकुर फुटला, वर आला, वेल झाली, आणि हे सारे काही क्षणांत! काळ हवा तसा आखडता घ्यायचा किंवा लांबवायचा, ही जादू केवळ दांड्याच्या वेगात होती. माझ्या मते हा लहानसा चित्रपट विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने वर्गात एकदा तरी सांगावा असा आहे. दादासाहेबांचे नाव आपण ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ म्हणून पाठ करतो. पण ते हाडाचे प्रयोगकर्तेही होते, हे विसरतो.

उन्हात चालणारा कारखाना

दादासाहेबांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वरचा. पहिला चित्रपट मुंबईत काढून झाल्यावर 1913 सालीच त्यांनी आपले बिऱ्हाड आणि यंत्रसामग्री नाशिकला आणली. पुढे येथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागे, आणि नाशिकला वर्षातले आठ महिने तो फुकट मिळतो. उघड्यावर देखावे उभारायचे, ऊन तिरपे झाले की काम थांबवायचे, असा हा कारखाना होता. कॅमेरा शिवणयंत्रासारखा खडखड आवाज करी, दिग्दर्शक ओरडून सूचना देई, कुंपणाबाहेर टांगा जाई, कावळे ओरडत. कशानेच काही बिघडत नसे. फिल्मला कान नव्हते.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ लागला. पडद्यावरची माणसे बोलू आणि गाऊ लागली. लोकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी, 6 फेब्रुवारी 1932 रोजी, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आणला. त्याची कथा कोणाची? हरिश्चंद्राचीच! जो राजा 1913 साली मुकाट्याने राज्य सोडून गेला होता, तो आता मराठीत बोलत होता.

या दोन तारखांच्या आगेमागे दादासाहेब ‘सेतुबंधन’ तयार करीत होते. ‘फाळके डायमंड कंपनी’ या नावाने त्यांनी हे काम हाती घेतले. हंपी, मद्रास, रत्नागिरी अशा दूरदूरच्या ठिकाणी जाऊन चित्रण केले. मध्येच पैसे संपले आणि काम थांबले. अखेर हिंदुस्थान कंपनीच्या वामनराव आपटे यांनी पैसा पुरवला. मात्र अट अशी, की नवी कंपनी जुन्या कंपनीत विलीन करावी. असे रखडत रखडत, दोनेक वर्षांनी चित्र पुरे झाले. पुरे झाले तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते, आणि मूकपट पाहायला कोणी तयार नव्हते.

इराणींनी सुचवले, या चित्रपटाला मागाहून आवाज द्या.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? चित्र आहेच, आवाज वेगळा मुद्रित करायचा आणि जोडून टाकायचा. आज तुमच्यापैकी कोणीही मोबाइलवर हे पाच मिनिटांत करील. पण 1934 साली ते एवढे सोपे नव्हते. का नव्हते, ते एकेक करून पाहू.

कानाचा हिशेब

डोळा दहा टक्क्यांची चूक पोटात घालतो, असे वर म्हटले. कानाचे तसे नाही. समजा, गायकाने 240 हर्ट्झचा सा लावला, आणि तो सेकंदाला 16 चौकटींच्या वेगाने जाणाऱ्या फिल्मवर मुद्रित केला. आता ही फिल्म 24 चौकटींच्या वेगाने चालवली. वेग दीडपट झाला, म्हणून सेकंदाला 240 ऐवजी 360 कंपने कानावर पडतील. पेटीवर बोट ठेवून पाहा: सा 240 असेल तर 360 म्हणजे पंचम! गायकाने सा लावला आणि श्रोत्यांनी प ऐकला. शिवाय धीरगंभीर रामाचा आवाज लहान मुलासारखा चिरका होणार, ते वेगळेच.

हे झाले ढोबळ चुकीचे. बारीक चूक आणखी वाईट. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत फरक असतो सुमारे 6 टक्क्यांचा. आपल्या संगीतशास्त्रात श्रुतींचे जे हिशेब आहेत त्यात 81 आणि 80 हे प्रमाण येते. म्हणजे केवळ सव्वा टक्का. तयार कानाला तेवढाही फरक कळतो. मग हाताने फिरवलेल्या दांड्याचे काय? हात वर जाताना थोडा मंद, खाली येताना थोडा जलद. प्रत्येक फेऱ्याला स्वर डोलणार. तबकडीचे भोक मध्यावर नसले की ग्रामोफोनवरचे गाणे कसे हेलकावे खाते, ते तुमच्या आजोबांना विचारा.

म्हणून बोलपट आला आणि दांडा गेला. त्याच्या जागी मोटर आली, आणि एकच एक वेग ठरला: सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे मिनिटाला 90 फूट. 24 च का? डोळ्यासाठी नव्हे. 16 चौकटींच्या काळी प्रक्षेपकाची झडप एकेका चौकटीला तीनदा उजेड दाखवी, म्हणजे सेकंदाला 48 उघडझापी. 24 चौकटींना दोनदा दाखवली तरी 48 च. डोळ्याला दोन्ही सारखेच. वेग वाढवावा लागला तो आवाजासाठी. त्याचे कारण कळायला आवाज फिल्मवर लिहितात कसा, हे पाहायला हवे.

उजेडाने लिहिलेला आवाज

आरंभी आवाज तबकडीवर मुद्रित करून ती तबकडी प्रक्षेपकाच्या गतीशी जुळवून वाजवीत असत. 1927 सालचा प्रसिद्ध अमेरिकन बोलपट ‘द जॅझ सिंगर’ असाच होता. पण फिल्म कोठे तुटली आणि सांधताना चार चौकटी कमी झाल्या, की तेथून पुढे सगळ्यांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे! तेव्हा आवाज फिल्मवरच असावा हे उत्तम.

पण फिल्म तर फक्त उजेड ओळखते. मग आवाजाचा उजेड करायला हवा. नट बोलतो, मायक्रोफोनमध्ये त्या कंपनांप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. हा प्रवाह फार क्षीण असतो. निर्वात नळ्यांच्या वर्धकातून तो मोठा करतात. मोठा झालेला प्रवाह प्रकाशाच्या एका झोतावर राज्य करतो: आवाज वाढला की झोत वाढतो, घटला की घटतो. हा झोत एका अतिशय अरुंद फटीतून सरकत्या फिल्मच्या कडेवर पडतो. फिल्म धुतली की चित्राच्या बाजूला एक चिंचोळी पट्टी उमटते. एका प्रकारात तिच्यावर फिकट-गडद आडव्या रेघा असतात. दुसऱ्या प्रकारात डोंगरांच्या रांगेसारखी नागमोडी कड असते. हीच ध्वनिपट्टी.

चित्रपटगृहात सगळे उलट क्रमाने होते. ध्वनिपट्टीवर एका दिव्याचा बारीक प्रकाश टाकतात. पलीकडे असतो प्रकाशविद्युत घट. पट्टीचा फिकट भाग आला की पुष्कळ प्रकाश पार जातो आणि घटातून अधिक प्रवाह मिळतो. गडद भाग आला की कमी. प्रवाहाचे हे चढउतार वर्धकातून कर्ण्याकडे जातात, आणि पडद्यामागून राम बोलू लागतो.

आता वेगाचे कोडे सोडवू. 24 चौकटी गुणिले 19 मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला 456 मिलिमीटर फिल्म फटीपुढून जाते. 5000 हर्ट्झचा ध्वनी घ्या. ‘स’ आणि ‘श’ यांचा फरक कळायला एवढ्या उंच कंपनांची गरज असते. तेव्हा 456 मिलिमीटरमध्ये 5000 लाटा मावायला हव्यात. एकेका लाटेला जागा मिळाली 0.09 मिलिमीटर. जवळजवळ केसाएवढी! फट याहून पुष्कळ अरुंद हवी. ती लाटेएवढीच रुंद असेल तर तिच्यातून एकाच वेळी लाटेचा फिकट भागही दिसेल आणि गडदही. बेरीज कायम तीच राहील आणि आवाज उमटणारच नाही. म्हणून चांगली फट 0.025 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक ठेवीत. 16 चौकटींच्या वेगाने तीच लाट 0.06 मिलिमीटरमध्ये कोंबावी लागली असती. त्या काळच्या फिल्मच्या रुपेरी कणांना आणि भिंगांना हे पेलणारे नव्हते. वेग फार वाढवावा तर फिल्मचा खर्च वाढतो. 24 हा असा तडजोडीचा आकडा आहे.

हे तुम्हाला स्वतः ऐकता येईल. बागेतल्या लहान दिव्यावर असते तशी एक सौरपट्टी घ्या. तिच्या दोन तारा, मोबाइलचे गाणे बाहेरून जोडण्याची सोय असलेल्या एखाद्या ध्वनिवर्धकाला जोडा. आवाज अगदी कमी ठेवा. सौरपट्टीवर बॅटरीचा उजेड पाडा आणि मधून केसांचा कंगवा झरकन ओढा. गुर्र असा आवाज येईल. कंगव्याचे दात सेंटिमीटरला 8 असतील आणि तुम्ही तो सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगाने ओढला, तर 160 हर्ट्झचा स्वर मिळेल. दुप्पट वेगाने ओढा, स्वर एक सप्तक चढेल. सौरपट्टीपुढे काळ्या कागदात ब्लेडने पाडलेली बारीक फट धरलीत तर आवाज अधिक स्वच्छ होईल. (ब्लेडचे काम मोठ्यांकडून करून घ्या.) आणि आता बॅटरी विझवून घरच्या विजेच्या दिव्याखाली सौरपट्टी न्या. कंगवा न ओढताच एक घुमणारा आवाज बहुधा ऐकू येईल. तो कशाचा? विजेवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होत असतो, त्याचा. डोळ्याने हे कधी सांगितले होते का?

दोरी दोघांच्या पायाला

पुढची अडचण मोठी गमतीची आहे. चित्रासाठी फिल्म झटक्याझटक्याने सरकावी लागते: एक चौकट आली, थांबली, दिसली, गेली, दुसरी आली, थांबली. आवाजासाठी मात्र ती तेलाच्या धारेसारखी अखंड सरकावी लागते. एकच फिल्म एकाच वेळी थांबणार कशी आणि वाहणार कशी?

युक्ती अशी, की या दोन गोष्टी दोन ठिकाणी करायच्या. चित्राच्या खिडकीपासून पुढे सुमारे 20 चौकटींवर, म्हणजे 38 सेंटिमीटर अंतरावर, आवाजाचा दिवा ठेवायचा. मध्ये फिल्मला थोडा सैल झोल द्यायचा, म्हणजे झटके त्या झोलात जिरतात. आवाजाच्या रुळाला जड चाक जोडायचे. कुंभाराचे चाक जसे एका लयीत फिरत राहते तसे ते रुळाला एका लयीत ठेवते. अर्थात चित्रासमोर त्याचाच आवाज छापून भागणार नाही. तो 20 चौकटी आधी छापायला हवा. छापताना हे चुकले तर आवाज पाऊण सेकंदाहून अधिक पुढेमागे होईल.

येथे चित्रपटगृहाचाही हिशेब येतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. एका चौकटीच्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या 24 व्या भागात, 14 मीटर. पडद्यापासून 28 मीटरवर मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला शब्द दोन चौकटी उशिरा पोहोचतात. एवढे आपण खपवून घेतो. मैदानाच्या पलीकडे कपडे धुणाऱ्याचा धोका खाली आल्यावर ‘धप्’ असा आवाज मागाहून येतो, ते आपल्याला लहानपणापासून सवयीचे आहे. उलट आवाज आधी आणि ओठ मागून, हे मात्र चटकन खटकते. निसर्गात तसे कधी घडत नाही ना!

आता नाशिकच्या चित्रपटाकडे वळू. मागाहून आवाज भरायचा तर एका अंधाऱ्या, भिंतींना आवाज शोषणारे जाड पडदे लावलेल्या खोलीत चित्र दाखवायचे. नट मायक्रोफोनपुढे उभे राहून पडद्यावरच्या ओठांकडे पाहत बोलायचे. आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र व प्रक्षेपक यांनी शेवटपर्यंत एकमेकांची साथ सोडायची नाही. दहा मिनिटांत 14,400 चौकटी होतात. त्यांत दोन-चार चौकटींची चूकसुद्धा नको. हे कसे साधायचे? यासाठी समकालिक मोटर नावाची मोटर फार उपयोगी पडते. साध्या मोटरचा वेग विजेचा दाब आणि ओझे यांनुसार बदलतो. समकालिक मोटर मात्र विजेच्या वारंवारितेशी बांधलेली असते. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांची अशी मोटर मिनिटाला बरोबर 1500 फेरे घेते. प्रक्षेपकाला हवेत 1440, दर चौकटीला एक. दातेरी चाकांचे प्रमाण 25 ला 24 ठेवले की झाले! अशा दोन मोटरी एकाच विजेवर चालवल्या, की एका जुवाखालच्या बैलांसारख्या त्या जोडीनेच चालतात.

यंत्रे जुळली तरी ओठ जुळायला हवेत. मूकपटातला नट चित्रणाच्या वेळी काही ना काही बोलत असे. पण ते शब्द कोणी ऐकणार नव्हते. खरा संवाद पाटीवर लिहिलेला असे. त्याने तोंड चार वेळा उघडले असेल तर चारच अक्षरांत बसेल असे वाक्य आता शोधायला हवे. त्यातून ‘सेतुबंधन’ला आवाज द्यायचा होता हिंदीत. प, ब, म या ओष्ठ्य अक्षरांना ओठ मिटतातच. ते पडद्यावर मिटले नाहीत तर लबाडी उघडी पडते. मराठी व्याकरणात तुम्ही वर्णांची जी उच्चारस्थाने शिकता ती येथे कामी येतात!

आणि शेवटी पुन्हा तो 16 चा प्रश्न. मूकपटाच्या वेगाने टिपलेले चित्र 24 ने सोडले तर माणसे धावू लागतात. ती धावू नयेत म्हणून छापताना दर दुसरी चौकट दोनदा छापण्याची एक युक्ती आहे. दोन चौकटींच्या तीन होतात. पण मग हजार फुटांच्या रिळाचे दीड हजार फूट होतात आणि चाल किंचित अडखळती दिसते. न छापावे तर हसे होते, छापावे तर फिल्मचा खर्च दीडपट. जुन्या मूकपटाला आवाज देणाऱ्या कोणालाही ही निवड चुकत नाही.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर हा आकडा पाहा. ‘सेतुबंधन’ला आवाज देण्यासाठी 40 हजार रुपये आणखी लागले अशी नोंद आहे. सबंध ‘आलम आरा’ साधारण एवढ्याच पैशात तयार झाला होता असे सांगतात! हे काम इंपीरियलमध्ये झाले आणि 1934 साली नाशिकचा मूकपट बोलपट म्हणून बाहेर पडला.

पण नाशिकच्या कारखान्याला मात्र वाचा फुटली नाही. बोलपटासाठी जे जे लागते ते आठवा: खडखड ऐकू येऊ नये म्हणून झाकलेला कॅमेरा, चारी बाजूंनी बंद असा चित्रणमंडप, आणि बंद मंडपात ऊन येत नाही म्हणून विजेचे दिवे. तेही साधे चालत नाहीत. कार्बनच्या ज्योतींचे जुने दिवे गुणगुणत, आणि मायक्रोफोन ते ऐके. वर्धक, मोटरी, ध्वनिमुद्रक सारे परदेशी. मुंबईत इंपीरियलचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता, म्हणून ‘आलम आरा’चे पुष्कळसे चित्रण गाड्या बंद असताना, रात्री करावे लागले होते. रात्री दिवे लावून काम करणे मुंबईच्या मोठ्या कंपनीला परवडले. उन्हाच्या जोरावर चाललेल्या कंपनीचे भांडवल ऊन हेच होते, आणि ते एका झटक्यात निरुपयोगी झाले. हिंदुस्थान कंपनी याच सुमारास बंद पडली. पुष्कळ लिहिणारे याचा दोष दादासाहेबांच्या हट्टी स्वभावाला देतात. हट्ट होताच, पण कितीही मवाळ माणूस असता तरी 0.025 मिलिमीटरची फट आणि दर सेकंदाच्या 24 चौकटी त्याला सुटल्या नसत्या.

त्यानंतर कोल्हापूर सिनेटोनने दादासाहेबांना बोलावले. तेथे त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव खराखुरा बोलपट दिग्दर्शित केला. अडीच लाखांच्या घरात खर्च झाला. 1937 साली तो मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये लागला, तेव्हा ते 67 वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी चित्रपट काढला नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

‘सेतुबंधन’च्या वेळी जे ठिगळ वाटले ते मात्र टिकले. 1935 पासून हिंदी चित्रपटांत गाणी आधी मुद्रित करून नटांनी नंतर ओठ हलवण्याची रीत सुरू झाली. म्हणजे याच युक्तीची उलटी बाजू. पुढे कॅमेरा पुन्हा उघड्यावर गेला, गर्दीत, वाऱ्यात, समुद्रकाठी. तेथला गोंगाट टाळण्यासाठी संवाद मागाहून बंद खोलीत भरण्याचा प्रघात हिंदी-मराठी चित्रपटांत कित्येक दशके होता, आणि आजही अनेक चित्रपटांत तो आहे. एखादा जुना रंगीत चित्रपट पाहाल तेव्हा नायकाच्या ओठांकडे नीट लक्ष ठेवा. प, ब, म आले की ओठ मिटतात का, ते मोजून पाहा.